ग्राहकाच्या मॉडेलवरचा रंग काढताना: आधी टेस्ट, मग बरणी



या आठवड्याच्या व्हिडिओत मी काचेची बरणी, टूथब्रश आणि रेल्वेचा एक रंग उडालेला डबा घेऊन बसले होते. व्हिडिओत हात दिसतात, पण "का" सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून हा लेख. विषय तोच: प्लास्टिकच्या स्केल मॉडेलवरचा जुना रंग, खालच्या प्लास्टिकला धक्का न लावता कसा काढायचा, आणि ही सेवा पैसे घेऊन द्यायची असेल तर काय सांभाळायचं.

तुमच्यापैकी काहींना वाटेल, हा तर छंदाचा विषय, इथे धंदा कुठे आला? माझ्या दुकानात नवीन किट विकून जेवढा नफा सुटतो, त्यापेक्षा जुनं मॉडेल नीट करून देण्यात टक्केवारीने जास्त सुटतो. भांडवल कमी, माल पडून राहत नाही, आणि ज्याचं काम चांगलं झालं तो दुसरं गिऱ्हाईक घेऊन येतो. फक्त एक गोष्ट वेगळी आहे. विक्रीत माल आपला असतो, बिघडला तर आपण दुसरा आणतो. इथे वस्तू लोकांची असते आणि बऱ्याचदा तिच्यासारखी दुसरी मिळतच नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. दुकान टाकून वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. एक काका रुमालात गुंडाळून एक विमान घेऊन आले. एअरफिक्सचं १/७२ चं नॅट. १९६५ च्या युद्धात गाजलेलं तेच छोटं लढाऊ विमान, या स्केलमध्ये तळहातावर मावतं. लहानपणी त्यांनी आणि मोठ्या भावाने मिळून जोडलेलं. भावाने खिडक्यांना लावायचा उरलेला हिरवा ऑइलपेंट त्याला फासला होता. भाऊ आता नव्हते. भावाच्या नातवाची मुंज पंधरा दिवसांवर होती, त्याला हे विमान हवाई दलाच्या चंदेरी रंगात करून द्यायचं होतं. मी २५० रुपये ऍडव्हान्स घेतला आणि "परवा या काका" म्हणाले.

रंग आहे, म्हणजे थिनर. एवढंच माझं ज्ञान. हार्डवेअरच्या दुकानातून थिनरची बाटली आणली, कापूस भिजवला आणि पंखावर फिरवला. अर्ध्या मिनिटात हिरवा रंग लोण्यासारखा निघाला. मी खूश! दुसऱ्या पंखाकडे वळण्यासाठी विमान फिरवून धरलं, तेव्हा बोटाखाली काहीतरी मऊ लागलं. अंगठा उचलला तर पंखावरच्या बारीक रेषा गेलेल्या, आणि तिथे माझ्या अंगठ्याचा ठसा. अगदी आधार कार्डाला घेतात तसा, स्पष्ट.

काकांना मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. "अगं, आधी विचारायचं तरी," एवढंच म्हणाले. मी पैसे परत केले, त्यांनी विमान पुन्हा रुमालात गुंडाळलं आणि गेले. त्यानंतर ते दुकानात आलेले नाहीत. हिशेबाच्या वहीत त्या दिवशी "परत रु. २५०" एवढीच नोंद आहे.

आता तिथे नेमकं काय झालं ते बघू, कारण हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

थिनर आणि किटचा गोंद ही भावंडं आहेत

बहुतेक किट पॉलिस्टायरिन नावाच्या प्लास्टिकची असतात. हे प्लास्टिक टोल्युइन, अॅसिटोन अशा द्रावकांत विरघळतं. किट जोडायला आपण जो खास गोंद विकतो, तो खरं तर चिकटवत नाही. तो दोन्ही कडांचं प्लास्टिक विरघळवतो, त्या एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. म्हणजे वेल्डिंगच म्हणा ना. बाजारात मिळणाऱ्या एनसी थिनरमध्ये याच जातीचे द्रावक असतात. मी त्या दिवशी काकांच्या विमानाला अख्ख्या पंखावर गोंद लावत होते!

त्यामुळे थिनर, अॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, आणि हार्डवेअरमधलं दाट जेलीसारखं पेंट रिमूव्हर, यातलं काहीही प्लास्टिकजवळ न्यायचं नाही. पेंट रिमूव्हर लोखंडी ग्रिलसाठी असतं. त्यात बऱ्याचदा मिथिलीन क्लोराइड असतं. ते प्लास्टिक खातं आणि बंद खोलीत श्वासातून माणसालाही घातक आहे. अमेरिकेत घरगुती रंग काढण्यासाठी त्याच्या विक्रीवर २०१९ मध्ये बंदी आली. "नेलपॉलिश रिमूव्हर चालतं, माझ्या मित्राने वापरलंय" असं सांगणारे भेटतील. मित्राचं नशीब चांगलं होतं किंवा त्याचं मॉडेल धातूचं होतं.

मग रंग काढतं तरी काय? असं काहीतरी जे रंगाच्या थरात शिरतं, पण पॉलिस्टायरिनमध्ये शिरत नाही. योग्य द्रावण रंगाला फुगवतं, त्याची प्लास्टिकवरची पकड सुटते आणि तो सालीसारखा सुरकुततो. याला वेळ लागतो. नवशिके इथेच चुकतात. अर्ध्या तासात काही दिसलं नाही की ब्रश घेऊन घासायला बसतात, आणि इंजिनावरचे रिव्हेट, दाराच्या कड्या, खिडक्यांच्या चौकटी झिजवून टाकतात. घासायचं काम शेवटच्या दहा मिनिटांचं. त्याआधीचे बारा-चोवीस तास बरणी काम करते आणि तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल करता.

टेस्ट

मॉडेल हातात आलं की दोन प्रश्न: खाली प्लास्टिक कुठलं, आणि वर रंग कुठला? ग्राहकाला बहुधा दोन्ही माहीत नसतं. तो छातीठोकपणे सांगत असेल तरी विश्वास ठेवू नका. टेस्टवर ठेवा.

किटचे भाग ज्या चौकटीला लागून येतात तिला स्प्रू म्हणतात. किट नवं असेल आणि स्प्रूचा तुकडा शिल्लक असेल तर सोन्याहून पिवळं. तुकडा द्रावणात २४ तास बुडवा, एक तुकडा बाहेर ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही नखाने ओरखडा, वाकवून बघा. भिजलेला चिकट, मऊ, पांढुरका किंवा पटकन मोडणारा झाला असेल तर ते द्रावण बाद. जुन्या मॉडेलला स्प्रू नसतो. तेव्हा न दिसणारी जागा शोधा: विमानाचं पोट, रेल्वेच्या डब्याच्या छताची आतली बाजू, गाडीच्या तळाचा पत्रा.

रंगासाठी इअरबड. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि न दिसणाऱ्या जागी तीस सेकंद हलक्या हाताने फिरवा. कापसावर भरपूर रंग आला तर बहुतेक ॲक्रिलिक आहे, काम सोपं. थोडाच आला किंवा अजिबात नाही, तर त्याच जागी एक भिजलेला कापसाचा तुकडा ठेवून वरून प्लास्टिकचा कागद लावा, अर्ध्या तासाने बघा. रंग सुरकुतला तर लॅकर असू शकतो, बरणीत जास्त वेळ ठेवून सुटेल. ढिम्म हलला नाही तर एनॅमल धरून चाला. काकांच्या भावाने लावला होता तो हाच, आपल्याकडे ज्याला सरसकट ऑइलपेंट म्हणतात तो.

या टेस्टला माझे पाऊण तास जातात. मी त्याचे १०० रुपये वेगळे घेते, पुढचं काम मिळो न मिळो. सुरुवातीला संकोच वाटायचा. पण ग्राहकासमोर इअरबड फिरवून त्याच्या मॉडेलचा रंग कापसावर दाखवला की तो शंभराबद्दल एक शब्द बोलत नाही. उलट खुर्ची ओढून बसतो.

कोणती बरणी

माझं नव्वद टक्के काम आयसोप्रोपिल अल्कोहोलवर चालतं. पुढे त्याला आयपीएच म्हणते. मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट साफ करायला हेच वापरतात, त्यामुळे बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारलं तर मिळतं. ९९ टक्क्यांचं घ्या. पाणी जितकं जास्त, तितका वेळ जास्त. आणि हो, २०२० मध्ये घेतलेला सॅनिटायझर घरी पडून आहे म्हणून तो वापरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातच सॅनिटायझरमध्ये हातासाठी ग्लिसरीन असतं, ते मॉडेलवर थर सोडतं आणि नवा रंग त्यावर बसत नाही. जेल तर नकोच.

पद्धत अशी. झाकणाची बरणी किंवा पीपीचा डबा घ्या. मॉडेल पूर्ण बुडेल एवढंच आयपीए. झाकण घट्ट. एका तासाने बघा, चार तासांनी बघा, मग रात्रभर. ॲक्रिलिक काही तासांत सुटतो. लॅकरला एक-दोन दिवस लागू शकतात. तीन दिवसांत नाही सुटला तर माझा नियम आहे, थांबायचं आणि ग्राहकाला फोन करायचा. बाहेर काढल्यावर मऊ टूथब्रश, लहान मुलांचा असतो तसा, आणि कोपऱ्यांसाठी बांबूची टूथपिक. लोखंडी सुई नाही, ब्लेड नाही.

बुडवण्याआधी पारदर्शक भाग काढून ठेवा. खिडक्या, कॉकपिटची काच, हेडलाइट. आयपीए साध्या पॉलिस्टायरिनला सांभाळून घेतं, पण पारदर्शक भागांवर, विशेषतः ताण असलेल्या ठिकाणी, केसासारख्या बारीक भेगा पडू शकतात. त्या पुसल्या जात नाहीत. फेविक्विकसारख्या गोंदाचे सांधे आणि पुट्टी सैल होऊ शकते, हे ग्राहकाला आधी सांगा. गोंद सुटून पंख बरणीच्या तळाशी गेला आणि ग्राहकाने तो तसा पाहिला, तर तुम्ही कितीही समजावा, त्याच्या लेखी तुम्ही विमान मोडलंत.

दुसरी बरणी डेटॉलची. हसू नका! अँटिसेप्टिक डेटॉल, तपकिरी लिक्विड, पाणी न घालता. त्यातला क्लोरोझायलेनॉल, टर्पिनिऑल आणि अल्कोहोल मिळून ॲक्रिलिक रंग चांगला सैल करतात. छोट्या सैनिकांच्या मूर्ती रंगवणारे छंदिष्ट परदेशात हे वर्षानुवर्षं करतात. फायदा हा की ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. तोटा हा की पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा च्युइंगमसारखा चिकट लगदा होतो आणि तो प्रत्येक खाचेत जाऊन बसतो. म्हणून ब्रश डेटॉलमध्येच मारायचा, नंतर स्वच्छ डेटॉलनेच एकदा खळबळायचं, आणि मगच भांड्याचा साबण आणि पाणी. वास आठवडाभर जात नाही. घरात मांजर असेल तर डेटॉलची उघडी बरणी नको, मांजरांना ते विषारी असतं. मी आता डेटॉल फक्त शिकवताना वापरते.

ब्रेक ऑइलबद्दल हमखास विचारतात, कारण ते गॅरेजात सहज मिळतं. डॉट ३ रंग काढतं हे खरं. पण जास्त वेळ राहिलं तर जुनं प्लास्टिक ठिसूळ करतं, हाताला आणि पोटाला वाईट, आणि टेबलावर सांडलं तर टेबलाचा रंगही नेतं. ग्राहकाच्या वस्तूवर मी वापरत नाही. विषय संपला.

आता एनॅमल. इथे कॉस्टिक सोडा लागतो आणि इथे मला तुमचं पूर्ण लक्ष हवंय. ऑइलपेंटच्या नावातच तेल आहे. त्याचा बांधा तेलापासून बनलेला असतो. साबण करताना तेलात कॉस्टिक घालतात, तसंच इथे होतं. सोडा त्या रंगातल्या तेलाचा हळूहळू साबण करतो आणि रंग मऊ पडतो. पॉलिस्टायरिनला सोड्याचं काही होत नाही. एक लिटर गार पाण्यात ५० ग्रॅम पुरतो. सोडा पाण्यात घालायचा, थोडा थोडा, प्लास्टिकच्या चमच्याने ढवळत. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. एकदम उष्णता निघते आणि ते उकळून तोंडावर उडतं. भांडं जाड प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नाही, सोडा ते खातो आणि हायड्रोजन निघतो. मॉडेलवर धातूचे भाग असतील तर तेही आधी काढा. मोरी साफ करायच्या पुड्या स्वस्त म्हणून आणू नका. त्यात सोड्याबरोबर आणखी काय आहे ते आपल्याला कळत नाही.

डोळ्यांवर बंद गॉगल, चष्मा चालणार नाही. कोपरापर्यंत रबरी हातमोजे. अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, घड्याळ लावून. व्हिनेगर, लिंबू वगैरे घरगुती उतारे करत बसू नका. डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत राहा आणि तसंच डॉक्टरकडे जा. दुकानात मदतनीस म्हणून एखादा कॉलेजचा मुलगा ठेवला असेल तर हे काम त्याच्यावर टाकू नका.

काकांचं विमान आज आलं असतं तर काच आधी सोडवली असती, पोटावर टेस्ट घेतली असती आणि मग सोड्याच्या पाण्यात रात्रभर. सकाळी टूथब्रशने हिरवा रंग निघाला असता आणि पंखावरच्या रेषा शाबूत राहिल्या असत्या. खर्च दहा-पंधरा रुपये.

दहा बाय बाराच्या दुकानात

आयपीए साधारण १२ अंश तापमानालाच पेट घेण्याइतकी वाफ सोडायला लागतं. म्हणजे पुण्यात जवळजवळ बाराही महिने. वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि बरणीपासून लांब ठेवलेल्या समईपर्यंतही पोचू शकते. दुकानात सकाळी देवासमोर उदबत्ती लावता ना? बरणी त्यानंतर उघडायची, उदबत्ती विझल्यावर. चहाची शेगडी, हेअर ड्रायर, ठिणगी पाडणारा जुना स्विच, सगळं लांब. पाच लिटरचा कॅन दुकानात ठेवू नका, एक लिटर पुरतं.

कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कार्बनच्या डबीचा मास्क येतो. रोज काम करणार असाल तर घ्याच. महिन्यात दोन कामं असतील तर खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेला, एवढं पाळा. अल्ट्रासॉनिक क्लीनर घेतला असेल तर त्याच्या टाकीत फक्त साबणाचं पाणी. त्यात आयपीए ओतून बटण दाबणं म्हणजे दिवाळीची तयारी.

वापरलेलं आयपीए फेकू नका. बरणी दोन दिवस स्थिर ठेवली की रंगाचा गाळ खाली बसतो. वरचं कॉफीच्या फिल्टरमधून गाळून तीन-चार वेळा चालतं. उरलेला गाळ मोरीत नाही. उघड्यावर, आगीपासून लांब पूर्ण सुकू द्या, कागदात गुंडाळा, वर "रंगाचा गाळ" असं लिहा आणि घातक घरगुती कचरा म्हणून वेगळा द्या. आपल्याकडे स्वच्छच्या ताई घरोघरचा कचरा हाताने वेगळा करतात. त्या हातांचा विचार करा.

डेक्कन क्वीन आणि दोन मीटरचा फरक

पुण्यात या कामाला गिऱ्हाईक कोण? विमानवाले आहेत, लोहगावला १९९७ पासून सुखोई-३० आहेत, ते उडताना बघत मोठी झालेली मुलं आता किट घेतात. पण माझ्याकडे जास्त येतात ते रेल्वेवाले. या शहराला छोट्या रेल्वेचं वेड आहे. कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. ते पाहिलं नसेल तर हा धंदा करायच्या आधी तिकीट काढून पाहून या. बारीक कामाला लोक किती जवळून बघतात ते तिथे काचेपाशी उभं राहून कळतं.

रेल्वेवाल्यांना रंग का काढायचा असतो? भारतीय गाड्यांची तयार मॉडेल्स कमी, म्हणून परदेशी डबे आणि इंजिनं घेऊन ती आपल्या रंगात करतात. डेक्कन क्वीनचंच बघा. १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते, एक चंदेरी आणि लाल, दुसरा गडद निळा आणि सोनेरी. नंतर रंग बदलत गेले, आणि जून २०२२ मध्ये नवे एलएचबी डबे आले तेव्हा रंगसंगती पुन्हा बदलली. दर बदलाला कुणीतरी म्हणतो, "माझा जुना सेट नव्या रंगात करून द्या."

इथे घाई करू नका. आधीचे आयसीएफ डबे साधारण २१.३४ मीटर लांब, एलएचबी साधारण २३.५४. दोन मीटरांहून जास्त फरक. एचओ स्केल म्हणजे १/८७, तेव्हा मॉडेलमध्ये एक साडेचोवीस सेंटिमीटर आणि दुसरा सत्तावीस. खिडक्याही वेगळ्या. जुन्या डब्याला नवा रंग दिला तर जाणकार माणूस पाच फुटांवरून ओळखतो. असं काम आलं तर मी रंग काढण्याआधीच ग्राहकाला पट्टी लावून दाखवते. एकाने ऐकून विचार बदलला आणि सेट तसाच परत नेला. ७,००० रुपयांचं काम गेलं. तीन महिन्यांनी तोच माणूस जुनी इंजिनं घेऊन आला.

रेल्वेची मॉडेल्स बुडवताना फक्त बाहेरचं कवच बुडवायचं. मोटर, चाकं, दिवे, वायरी, सगळं सुटं करून लेबल लावलेल्या छोट्या पिशव्यांत. बाजूला छापलेले क्रमांक आणि नावं रंगाबरोबर जाणारच, ती परत येत नाहीत. ग्राहकाला हे आधी सांगा आणि जवळून फोटो घ्या.

जॉब कार्ड आणि दर

मॉडेल ताब्यात घेताना सहा बाजूंनी फोटो, मोडलेले आणि गहाळ भाग लिहून, टेस्टचा निकाल लिहून, ग्राहकाची सही. एवढं पाच मिनिटांत होतं. कार्डावर मी तीन ओळी छापल्या आहेत: छापील मजकूर जाईल, जुने गोंदाचे सांधे सुटू शकतात, तीन दिवसांत रंग न सुटल्यास काम थांबवून कळवू. "नुकसान झाल्यास दुकान जबाबदार नाही" ही पाटी लावून सुटका होते असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी हा तक्रारीचा विषय आहे. आणि कायदा बाजूला ठेवा, तुम्ही स्वतः ती पाटी वाचून तिथे वस्तू दिली असती का?

दराचं गणित एका एचओ डब्यावर मांडू. आकडे समजा म्हणून घेतेय, तुमच्या भावाने बदला. आयपीए ४०० रुपये लिटर, अर्धा लिटर चार डब्यांना चालतं, म्हणजे डब्यामागे ५०. हातमोजे, बड, ब्रश ३०. डबा सोडवणं अर्धा तास, घासणं पाऊण तास, धुणं-तपासणं पाव तास, परत जोडणं अर्धा तास; झाले दोन तास. तासाला २०० धरले तर ४००. बेरीज ४८०. दहातला एक डबा पुन्हा करावा लागतो असं धरून १० टक्के, ४८. झाले ५२८. त्यावर दुकानाचा खर्च आणि नफा मिळून ३५ टक्के टाकले की ७१३. मी ७०० सांगते.

कुणी म्हणेल, "कोपऱ्यावरचा ३०० त करून देतो." देत असेल. ३०० मध्ये दोन तासांची मजुरीसुद्धा निघत नाही, म्हणजे तो एक तर टेस्ट करत नाही किंवा बरणीऐवजी थिनर वापरतो. मी भाव पाडत नाही. त्याऐवजी दहा डब्यांचा अख्खा रेक एकत्र दिला तर थोडं कमी करते, कारण सगळे डबे एकाच वेळी भिजतात आणि माझा वेळ खरंच वाचतो.

काम झाल्यावर कोमट पाणी आणि भांड्याचा साबण. गरम पाणी नको, पातळ भाग वाकतात. मग एक पूर्ण दिवस सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. खाचांत पाणी राहिलं तर प्रायमरखाली फुगे येतात. वाळलेल्या डब्यावर तिरका टॉर्च मारून बघा, राहिलेला रंग कडांना दिसतो. शंभर टक्के निघाला पाहिजे असा हट्ट धरू नका. खाचेतली एखादी रेघ नुसता डाग असेल, थर नसेल, तर प्रायमर तिला झाकतो. ती काढायला बसलात तर खाच जाईल.

पुढच्या व्हिडिओत याच डब्यावर प्रायमर मारणार आहोत. टेस्टला वापरलेले दोन स्प्रूचे तुकडे, भिजलेला आणि कोरडा, नाव लिहून जपून ठेवा. प्रायमर आधी त्यांच्यावरच मारायचा आहे.